पर्लकोटा आणि मोरे प्लेन्स

परवा कपाट आवरताना २०१८ च्या लडाख ट्रिपचे फोटो सापडले. झोजिला, कारगिल, लेहचा बाजार, सगळं आहे. मोरे प्लेन्सचा मात्र एकच फोटो, तोही लांबून.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टवर पोचली आणि आमच्या धाकट्याच्या डोक्यात हिमालय शिरला. जुलैत बाबा, तो आणि मी गाडी घेऊन निघालो. श्रीनगरमार्गे लेह, परत येताना मनाली. मधलं मोरे प्लेन्स म्हणजे साडेपंधरा हजार फुटांवरचं, चाळीसेक किलोमीटरचं सपाट पठार. तिथे गाडी चालवायची, हे त्याचं स्वप्न.

लेहला तीन दिवस थांबून निघालो. साडेसतरा हजार फुटांवरची टांगलांग ला खिंड ओलांडून थोडं उतरलो, तर खाली पठार दिसायला लागलं. फोटोसाठी थांबलो. धाकट्याने तिसऱ्यांदा विचारलं, "दादा, डिझेल भरलं ना?" मग चालताना त्याचा तोल गेला. रोज जिमला जाणारा माणूस!

"मले काही नाही झालं. दोन तासांत पार होऊन जाऊ," तो म्हणाला. मीही जरा रेंगाळलो. एवढं दोन-अडीच हजार किलोमीटर आलो, आणि आता?

बाबा एवढंच म्हणाले, "पर्लकोटा आठव. गाडी फिरव."

बाबा भामरागडला मास्तर होते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की एसटी हेमलकशालाच थांबायची. समोर भामरागड दिसायचं, पण बाबांनी आम्हाला कधी पाण्यात पाय घालू दिला नाही. दोन-दोन दिवस अलीकडेच काढले आम्ही.

पुढे गेलो असतो तर रात्रही तेवढ्याच उंचीवर आणि पुढे पुन्हा खिंडी. मागे लेह, सहा हजार फूट खाली. मी गाडी फिरवली. लेहच्या हॉस्पिटलात त्याला ऑक्सिजन लावला. मेंदूला सूज यायला लागली होती, डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावरही तो कितीतरी दिवस धुसफुसत होता. शेवटी बाबा म्हणाले, "एव्हरेस्टवर दहा पोरं गेली होती, पाच पोचली. पण दहाही घरी आली, हे नाही वाचलं काय तू?"

परवा तो एकुलता एक फोटो त्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, "पुन्हा जाऊ. बाबांना विचार."