उडीच्या मापाविषयी

सातारा

चि. मृणाली हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. भिंतीवर खडूने मोजलेली तुझी उडी 44 सेंटिमीटर भरत असता मोबाईलवर चित्रण करून काढलेले माप अवघे 31 निघाले, आणि म्हणून उन्हाळाभराची मेहनत वाया गेली अशी जी खंत तू मांडली आहेस, ती वाचून मला स्वस्थ बसवेना. कारण या दोन आकड्यांत खोटा एकही नाही. पायली बदलली म्हणून कणगीतले धान्य घटत नाही.

भिंतीशी उभी राहून तू हात ताणतेस तेव्हा टाचा जमिनीला टेकलेल्या असतात. उडी घेताना मात्र पाय सुटण्यापूर्वीच टाचा उचलल्या जाऊन सारे शरीर चवड्यांवर आलेले असते, आणि हा जो सुमारे दहा सेंटिमीटरांचा चढ, तो भिंतीच्या हिशेबात उडीच्या खाती जमा होतो. मोबाईलची रीत निराळी. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा काळ तेवढा तीत धरतात. त्या काळाचा वर्ग करून त्यास गुरुत्वप्रवेगाने गुणावे व आठांनी भागावे, की उंची निघते. हवेत अर्धा सेकंद राहिले तर ती 31 सेंटिमीटरांच्या जवळपास येते, आणि टाचांचा चढ या गणितात शिरतच नाही. शिवाय चित्रणाच्या वेळी हात कमरेवर ठेवले होते असे तूच लिहितेस; हातांच्या झोक्याने उडीत दहाव्या हिश्श्याइतकी, कित्येकदा त्याहून अधिक, भर पडते, तिलाही तू मुकलीस. तफावतीचा तपशील एवढाच.

या मोजमापामागे थोर परिश्रम आहेत. पॅरिस येथे एतियेन-ज्यूल मारे व जॉर्ज देमनी यांनी उडी घेणाऱ्याच्या पायांखाली दाब नोंदविणारा तक्ता ठेवून आणि जोडीस छायाचित्रे घेऊन उडीची यांत्रिक मीमांसा 1885 मध्येच मांडली होती. पुढे हार्वर्डच्या व्यायामशाळेची धुरा दीर्घकाळ वाहणारे डडली सार्जंट यांनी 1921 मध्ये जी कसोटी प्रसिद्ध केली, तीत हाताच्या पोचीचा संबंधच नव्हता. वर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीस उडी मारून माथा टेकवावयाचा असे. मला ही मूळ योजना अतिशय प्रिय आहे. उभी पोच घेताना खांदा पुरता ताणला नाही, तर पायांत कणभरही बळ न वाढता उडी दोन बोटे वाढलेली दिसते. माथ्याच्या बाबतीत असा घोटाळा सहसा संभवत नाही.

घड्याळाच्या रीतीतही सावधगिरी हवी. उतरताना गुडघे दुमडले की पाय उशिरा टेकतात, आणि एका सेकंदाचा शंभरावा भाग जरी लांबला तरी तुझ्या उडीत सव्वा सेंटिमीटर फुकट जमा होतो. साध्या चित्रणात सेकंदाला 30 चित्रे उमटतात, म्हणजे एका चित्राची चूक चार सेंटिमीटरांची. तेच सेकंदाला 240 चित्रांचे संथ चित्रण घेतलेस तर चूक अर्ध्या सेंटिमीटरावर येते.

आता कोणती रीत ठेवावी हा तुझा प्रश्न. माझ्या मते दोन्ही ठेवाव्यात, परंतु एका रकान्यात कदापि मिसळू नयेत. व्हॉलीबॉलमध्ये स्त्रियांचे जाळे 2 मीटर 24 सेंटिमीटरांवर बांधलेले असते, आणि ब्लॉक करताना तुझी बोटे त्याच्या वर किती निघतात याचा जबाब भिंतच देईल. पायांचे बळ खरोखर वाढते आहे की नाही याचा निवाडा मात्र कमरेवर हात ठेवून घेतलेल्या उडीने अधिक निर्मळपणे होतो. अंग पुरते गरम झाल्यावर, शक्यतो संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी, त्याच बुटांत तीन उड्या घेऊन त्यांची सरासरी मांडण्याचा शिरस्ता ठेव. सकाळच्या आखडलेल्या अंगाने घेतलेली उडी बहुधा उणीच भरते. एक-दोन सेंटिमीटरांचा चढउतार रोजचाच असतो, त्यावरून आनंद किंवा विषाद मानू नये. कित्येक आठवड्यांच्या सरासऱ्या एकाच दिशेने सरकू लागल्या, तर तेवढ्यावर विश्वास ठेवावा.

तूर्त उभी पोच टाचा टेकवून व खांदा पूर्ण ताणून नव्याने मोज, ती मैत्रिणीकडून ताडून घे, आणि मागील नोंदींपुढे कोणत्या रीतीने घेतल्या ते आठवेल तसे लिहून वहीची नक्कल मला धाड. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा