हातात चार तास होते

नागपूरचा माझा भाचा पहिल्यांदाच दुबईला नोकरीसाठी निघाला. सकाळी मुंबईत उतरला. पुढचे विमान सात तासांनी. फोनवर म्हणाला, "मामा, इथेच बाकावर बसून राहतो." आवाज रडवेला होता. मी जोगेश्वरीहून डबा घेऊन गेलो. तीन तास आधी परतायचे, म्हणजे हातात चार तास.

दादरची चैत्यभूमी गर्दीत लांब पडली असती. रिक्षा अंधेरी पूर्वेच्या कोंडिविटे लेण्यांकडे वळवली. लोक त्यांना महाकाली लेणी म्हणतात. बसच्या पाटीवर ते नाव वाचून मीही कित्येक वर्षे देवीचेच ठिकाण समजत होतो! पण ही बुद्धलेणी आहेत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून कोरलेली. नवव्या लेण्यात गोल दालन, दगडी जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप. तेथे आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले.

बाहेर येऊन त्याने आईला फोन लावला, "आई, स्तूपाला वंदन करून निघालोय." आवाज आता स्थिर होता.

बांधवांनो, तुमचाही पाहुणा विमानासाठी थांबला असेल, तर त्याला आपला वारसा दाखवा. त्याआधी स्वतः पाहा. जयभीम!