गालावरचं पाणी

दीपनगरच्या वसाहतीत थंडी पडली की भरताच्या पार्ट्या सुरू होतात. वांगी भाजायची ती कपाशीच्या काट्यांवरच; गॅसवरच्या भरताला आमच्या खान्देशात कुणी भरीत म्हणत नाही. त्या रात्री काट्या दवानं सादळल्या होत्या. नुसता धूर. मी शहाणपणा केला आणि बाटलीतलं पेट्रोल ओतलं. खाली विस्तव धुमसत होताच. भडका डाव्या गालावर आला.

मांडीची कातडी काढून गालाला लावली. पुढे व्रण आखडले, मान एका बाजूला ओढली गेली, म्हणून दुसरं ऑपरेशन. त्यानंतर आठवड्याभरात कानाच्या पाळीखाली, टाक्यांच्या कडेला, ओल दिसू लागली. सगळे म्हणाले, पू. मलाही तेच वाटलं. हेरलं बायकोनं. "अहो, हे जेवतानाच येतं. आणि लोणचं खाल्लं की जास्त."

सर्जननं ऐकून घेतलं आणि लिंबाची फोड माझ्या जिभेवर ठेवली. मिनिटभरात गालावरून स्वच्छ पाणी ओघळलं. ते तपासायला गेलं. लाळेत असतं ते अमायलेज त्यात भरपूर निघालं. कानापुढे पॅरोटिड नावाची सर्वांत मोठी लाळग्रंथी असते. तिची नळी गालातून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. ही नळी 1660 मध्ये नील्स स्टेन्सन या तरुणाला मेंढीचं डोकं चिरताना सापडली. माझी नळी शाबूत होती, पण ग्रंथीची कड उघडी पडली होती आणि लाळेनं बाहेरची वाट धरली होती.

आधी गाल आवळून पट्टी बांधली. थांबेना, तेव्हा ग्रंथीत बोटॉक्स टोचलं. मला वाटायचं, ते नट्यांच्या सुरकुत्यांसाठीच असतं! लाळ सोडण्याचा मज्जातंतूचा निरोपच ते काही महिने ग्रंथीपर्यंत पोचू देत नाही. तेवढ्यात भोक भरून येतं.

भाजल्याचे डाग मी लपवले नाहीत. पण त्या दिवसांत पंगतीला बसलो नाही. घास घेतला की गाल ओला, आणि समोरचा नेमका तिकडेच बघणार. लग्नघरी "पोट बरं नाही" सांगून परत यायचो.

पुढच्या थंडीत पुन्हा काट्या पेटल्या, या वेळी दुसऱ्यांनी पेटवल्या. कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचं झणझणीत भरीत. पहिल्या घासाला डावा हात आपोआप कानाखाली गेला.

कोरडं होतं. मी आणखी भरीत वाढून घेतलं.