निवतीच्या पुढे

कोकणातल्या माणसाला देवमाशाबद्दल विचारलं, की तो बहुधा मेलेल्या देवमाशाची गोष्ट सांगतो. जून २०१५मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी, वनखात्याच्या माणसांनी धडपड केली, तरी तो गेला. जानेवारी २०१६मध्ये जुहूच्या वाळूवर ब्राइड्स व्हेलचं धूड आलं आणि त्याच्याभोवती मुंबई मोबाइल उंच धरून उभी राहिली. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू रुतलं. ते ओढून खोल पाण्यात सोडल्याच्या बातमीने हायसं वाटतंय तोवर ते मेल्याचीही बातमी आली. प्रेत नसेल तेव्हा ‘उलटी’. अमुक कोटींचं अंबरग्रीस पकडलं, तमुक जणांना अटक. वास्तविक तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकुलांच्या न पचलेल्या चोचींभोवती साठत जाणारा मेणचट गोळा. बातमीत त्याचा भाव असतो, प्राणी नसतो.

रेवदंड्याच्या त्या घटनेआधी काहीच आठवडे सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांनी निळे देवमासे चांगले पोहताना पाहिले होते. ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. मला त्या न आठवल्या जाणाऱ्या बाजूचं कुतूहल होतं, म्हणून मार्चमधल्या एका पहाटे आम्ही निवती बंदरातून होडी काढली.

आमचे तांडेल साठी ओलांडलेले. निवती रॉकच्या दीपगृहाकडे जाताना मी दुर्बीण लावून लाटा न्याहाळत होतो. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “पाण्याक काय बघतास? पाखरां खंय पडतत, ता बघा.”

पाखरं पडतात तिथे तारली असते. तारली असते तिथे ब्राइड्स व्हेल येऊ शकतो, कारण दहा-बारा मीटरचा हा प्राणी अशाच लहान माशांच्या थव्यांवर जगतो. आपल्या समुद्रात भेटलाच तर याचीच शक्यता जास्त, आणि दाखवण्याची हौस याला सर्वात कमी. डुबकी घेताना शेपूट वर काढत नाही. डोक्यावर तीन कंगोरे असतात, पण ते दिसायला तो अगदी जवळ यावा लागतो. एकदा श्वास घेऊन गेला की पुढचा कुठे घेईल याचा नेम नाही. कॅलेंडरवरची ती पाणी निथळणारी भव्य शेपटी सहसा हंपबॅकची असते.

हंपबॅकही अरबी समुद्रात आहेत. इतर समुद्रांतले त्यांचे भाईबंद ध्रुवाकडच्या थंड पाण्यात खायला जातात. हे इथेच खातात, इथेच वितात. ओमानच्या किनाऱ्यावर ते शंभराच्या आत उरले असावेत असा अंदाज आहे. १९६५-६६मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा शिकार करून २४२ हंपबॅक मारले आणि कागदोपत्री ते लपवलं. खरे आकडे बाहेर यायला तीसेक वर्षं गेली. गोव्याजवळच्या पाण्यात ठेवलेल्या मायक्रोफोनांनी मात्र अलीकडे त्यांचं गाणं टिपलंय. होडीच्या काठावर वाकून मी उगाच कान दिला. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू आली.

डॉल्फिन भेटले. किनाऱ्याजवळचे, पाठीवर कुबड असलेले. लगेच पर्यटकांच्या चार होड्या त्यांच्यावर धावल्या, शिट्या झाल्या, पोरांना उंच धरलं गेलं. डॉल्फिन बुडाले की होड्या वळसा घेऊन पुन्हा त्यांच्या पुढ्यात. देवमाशाचा इथे अजून धंदा झालेला नाही, हे मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

दुपारी, किनारा धूसर झाल्यावर, तांडेलांनी एकदम हात केला. मी वळेपर्यंत पाण्यावर धुरकट काहीतरी विरत होतं. फवारा म्हणावा तर फवारा, वाऱ्याने उडवलेलं लाटेचं टोक म्हणावं तर तेही. इंजिन बंद करून थांबलो. पाखरं पडत राहिली, तारली उसळत राहिली, पाठ काही वर आली नाही. माझ्या वहीत मी ‘बहुधा’ लिहिलं. तांडेलांना त्या शब्दाची गरज वाटली नाही. तो होता, त्यांनी बघितला, विषय संपला.

परतताना ते जाळ्याची गोष्ट सांगत होते. काही वर्षांपूर्वी असाच एक त्यांच्या जाळ्यात अडकला. त्यांनी जाळं कापलं, तो गेला, नुकसान पदरात. २०१८पासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. मी म्हटलं, “काका, मग अर्ज केलात?”

अर्जाला फोटो लागतो, ते म्हणाले.

“जाळां कापू काय फोटो काढू?”

आता धाकटा मुलगा सोबत येतो. मोबाइल त्याच्याकडे असतो.