काखेत कळसा, दोह्याला वळसा

पुण्यात जन्म काढलेल्या कित्येकांनी शनिवारवाडा आतून पाहिलेला नसतो, आणि मुंबईकराची घारापुरी 'एकदा जायचंय' या यादीतच राहते. आमचंही तसंच झालं. फरक इतकाच, की आमचा शनिवारवाडा कतारमध्ये आहे.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगायला हवं. आम्ही म्हणजे मायलेकी. हा लेख आईने लिहायचा की लेकीने, यावर बरीच वादावादी झाली. आईचं मराठी शुद्ध, पण आठवणी स्वतःच्या सोयीच्या. लेकीची स्मरणशक्ती चोख, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आनंद! शेवटी एकीने सांगायचं, दुसरीने लिहायचं आणि खोडायचं मात्र दोघींनी, अशी तडजोड झाली. म्हणून 'आम्ही'.

1994 साली बाबांना दोह्यात नोकरी लागली. "दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, चार पैसे गाठीला बांधू आणि परत येऊ," असं सांगून आई-बाबा रावेरहून निघाले. ती दोन वर्षं तीस वर्षांनंतरही संपायची होती. 1996 साली लेकीचा जन्म दोह्यातच झाला. आधी नजमा भागात दोन खोल्या, मग 2008 पासून अल थुमामामध्ये एका व्हिलाचा अर्धा भाग. 2014 साली लेक इंजिनियरिंगसाठी पुण्याला गेली आणि पुढे नोकरीसाठी बंगलोरला. सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं की इथला रहिवासी परवाना सहसा टिकत नाही. त्यामुळे जिच्या पासपोर्टवर 'जन्मस्थान : दोहा' असं छापलंय, ती आमची लेक गेली काही वर्षं दोह्याला येते ती पाहुणी म्हणून, मोजक्या दिवसांच्या परवानगीवर.

आता बाबांची निवृत्ती आली. नोकरी संपली की परवाना संपतो आणि परवाना संपला की मुक्काम. आखाती देशांत राहणाऱ्या मंडळींना हे नव्याने सांगायला नको, पण अमेरिका-इंग्लंडातल्या आप्तांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. "अहो, इतकी वर्षं राहिलात, नागरिकत्व नाही मिळत?" नाही मिळत. मूल इथे जन्मलं तरी नाही. याबद्दल तक्रार करावी असंही नाही, कारण येतानाच हे ठाऊक होतं. तर जूनमध्ये कायमचं निघायचं ठरलं आणि गेल्या फेब्रुवारीत लेक आठ दिवसांची रजा काढून आवराआवरीला आली.

पहिले दोन दिवस खोकी भरण्यात गेले. तिसऱ्या रात्री लेक म्हणाली, "आई, उद्या खोकी बंद. उद्या आपण दोघी दोहा बघायला जायचं."

"दोहा? बघायला? अगं, तीस वर्षं बघतेय की!"

"काय काय बघितलंस सांग."

आईने बोटं मोजायला सुरुवात केली. हमद हॉस्पिटल, शाळेचं फाटक, सुपरमार्केट, मंडळाच्या गणपतीचा हॉल, विमानतळ. जुना आणि नवा असे दोन धरले तरी सहाव्या बोटाशी गाडी अडली. तसे भारतातून पाहुणे आले की त्यांना फिरवून आणलं जाई. समुद्रकाठचा कॉर्निश, तिथला शिंपल्यातला मोती आणि टोकाला 1982 पासून पिरॅमिडसारखं बसलेलं शेरेटन हॉटेल. पण त्या प्रत्येक फेरीत आईचं काम एकच : डबे, थर्मास आणि कुणाची तरी लहान मुलं सांभाळणं. थेपले नि कॉफी बरोबर आली होती ना, एवढंच तिला त्या सहलींतलं आठवतं.

शनिवारी सकाळी बाबांनी आम्हाला गाडीने फ्री झोन मेट्रो स्टेशनवर सोडलं. वाटेत आमच्या थुमामाचं स्टेडियम लागतं. इथली मुलं आणि पुरुष डोक्यावर जी विणलेली पांढरी टोपी घालतात, ती 'गहफिया', तिच्या आकाराचं. इब्राहिम जैदा या कतारी वास्तुकाराने ते रचलं आणि 2021 साली ते सुरू झालं. 10 डिसेंबर 2022 ला विश्वचषकात मोरोक्कोने पोर्तुगालला इथेच 1-0 ने हरवलं आणि आफ्रिकेतला एक संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. त्या रात्रीचा जल्लोष आमच्या गच्चीवर ऐकू येत होता. तेवढ्यात बंगलोरहून लेकीचा फोन, "आई, आपलं थुमामा टीव्हीवर दाखवतायत!" 'आपलं' हा शब्द आईने तेव्हा ऐकला, पण त्यावर विचार केला नाही.

दोह्याची मेट्रो 2019 साली सुरू झाली. गाडीला चालक नाही. आई इतक्या वर्षांत एकदाही मेट्रोत बसली नव्हती. 'गाडी आहे ना घरची!' हे कारण. गाडी सुरू होताच तिने पुढच्या काचेतून पाहिलं आणि विचारलं, "समजा काही झालं तर ओरडायचं कुणाला?" लेक म्हणाली, "मला ओरड. सवय आहे." मुशैरिबला गाडी बदलून आम्ही नॅशनल म्युझियमच्या स्टेशनवर उतरलो.

हे राष्ट्रीय संग्रहालयही 2019 चंच. वाळवंटात जिप्समचे स्फटिक साचून पाकळ्यांसारखा दगड तयार होतो, त्याला 'वाळवंटातला गुलाब' म्हणतात. फ्रेंच वास्तुकार ज्याँ नूव्हेल यांनी सगळी इमारत त्या दगडाच्या रूपात बांधली आहे आणि तिच्या कुशीत शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा जुना वाडा जपून ठेवलाय. तिकीट खिडकीवर रहिवाशांचा दर वेगळा आणि पाहुण्यांचा वेगळा. आईने ओळखपत्र पुढे केलं, लेकीने पासपोर्ट. खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट उलटून पाहिला आणि हसून म्हणाली, "तुम्ही तर इथल्याच की!" आणि पाहुण्याचं तिकीट फाडून हातात दिलं. त्या बिचारीची काय चूक? आम्ही दोघीही हसलो. लेक जरा जास्तच हसली.

आत सुमारे दीड किलोमीटरची वाट आहे. तेलाच्या आधीचा कतार म्हणजे मोत्यांचा कतार. उन्हाळ्याचे महिने होड्या समुद्रात असत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला वजन बांधून तळाशी जात आणि दोरीला हिसका देऊन वर येत. हे मोती विकायला जात ते आपल्या मुंबईला. इथे 1966 पर्यंत रुपयाच चालत असे, हे आईला त्या दिवशी कळलं. 1930 च्या आसपास जपानचे कल्चर मोती आले आणि हा धंदा बसला. मग 1939 साली दुखानला तेल लागलं, महायुद्धामुळे ते अडकलं आणि 1949 साली परदेशी जाऊ लागलं. आपल्याकडे ज्यांना 'बसऱ्याचे मोती' म्हणतात ते याच आखातातले. आईच्या आजीच्या नथीत असेच मोती होते. आई त्या चिमट्याकडे बघत म्हणाली, "इथल्या माणसाने नाक दाबून धरलं, तेव्हा कुठे आमच्या आजीला नाकात मिरवता आलं!"

आणि पुढच्या एका दालनात आम्ही दोघी थबकलोच. काचेआड एक गालिचा. सगळा मोत्यांचा! पावणेदोन मीटर रुंद, अडीच मीटरांहून लांब, पंधरा लाखांच्या वर बारीक मोती आणि मधे माणकं, पाचू, नीलम, हिरे. पाटीवर नाव 'बडोदा'. गायकवाडांचा गालिचा दोह्यात! महाराज खंडेराव गायकवाड, म्हणजे ज्यांच्या पत्नी जमनाबाई यांनी पुढे सयाजीरावांना दत्तक घेतलं ते. त्यांनी 1865 च्या सुमारास तो करवून घेतला. असं म्हणतात, की मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता. पण 1870 साली ते वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. 1902-03 च्या दिल्ली प्रदर्शनात तो झळकला. पुढे महाराणी सीतादेवी यांच्याबरोबर मोनॅकोला गेला, मग स्वित्झर्लंडला पेटीत बंद राहिला आणि 2009 साली दोह्यातल्याच लिलावात सुमारे 55 लाख डॉलरला विकला गेला.

"म्हणजे मोती इकडचे, विणले आपल्याकडे आणि पुन्हा इकडेच आले," आई म्हणाली. "आता याला कुठला म्हणायचा गं?"

लेक म्हणाली, "कुठला का असेना. त्याला कायमचा व्हिसा मिळाला."

आई हसायला गेली, पण लेकीचा चेहरा पाहून थांबली. तिथल्याच बाकावर आम्ही बसलो. मग जे बोलणं झालं ते लिहावं की नाही, यावर आमचं अजून पुरतं एकमत नाही. पण लिहितो.

लेक म्हणाली, "आई, तू नेहमी म्हणायचीस, आपलं काय, आज आहोत उद्या नाही. चांगल्या बशा पुण्याच्या फ्लॅटसाठी. चांगले पडदे पुण्याच्या फ्लॅटसाठी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, घर भाड्याचं. मला चित्रकलेत बक्षीस मिळालं, तेसुद्धा तू सूटकेसमध्ये ठेवलंस. तुझी ती दोन वर्षांची सोय होती गं. माझं ते सगळं लहानपण होतं."

आई गप्प राहिली. तिला वाटत होतं, आपण मुलीसाठी साठवतोय. रावेरच्या केळीच्या बागा, आजी-आजोबा, मे महिन्याच्या सुट्ट्या, 'आपलं घर' तिकडे आहे हे मुलीच्या मनात पक्कं राहावं म्हणून ती झटली. इकडे जीव गुंतू द्यायचा नाही, म्हणजे निघताना तुटायला नको, हा तिचा हिशेब. तो स्वतःपुरता बरोबरही होता. पण ज्या मुलीचा पहिला श्वासच इथला, तिला तो कसा लागू पडावा? "मला वाटलं, तुला त्रास होऊ नये," एवढंच आई म्हणाली. "झाला," लेक म्हणाली. मग तिनेच पर्समधून रुमाल काढून आईला दिला. थर्मास मात्र त्या दिवशी आम्ही घरीच विसरलो होतो.

तिथून समुद्राच्या कडेने चालत आम्ही इस्लामी कला संग्रहालयाकडे गेलो. आय. एम. पै या चिनी-अमेरिकन वास्तुकाराने नव्वदीत पूर्ण केलेली ही इमारत 2008 साली उघडली. पुढे शेजारी उंच इमारती उठून ती झाकोळू नये, म्हणून त्यांनी समुद्रात भराव घालून वेगळं बेट मागून घेतलं. इथे शाहजहानचं एक पांढऱ्या जेडचं पदक आहे, हिजरी 1041 चं, म्हणजे 1631-32 चं. 'हौलदिली' म्हणतात त्याला. काळीज धडधडू नये म्हणून गळ्यात घालायचं. 1631 साली मुमताज गेली ती बऱ्हाणपूरला. रावेरपासून बऱ्हाणपूर ते केवढं! तापीच्या पलीकडे तिला आधी पुरलं होतं, हे आईने लहानपणापासून ऐकलेलं. "जूनमध्ये तुलाच लागेल ही," लेक म्हणाली. आमचं पुन्हा जमलं होतं.

संध्याकाळी सूक वाकिफ. वाकिफ म्हणजे उभा. पूर्वी विक्रेते इथे उभ्यानेच माल विकत, म्हणून हा 'उभा बाजार'. 2003 च्या आगीनंतर तो जुन्या पद्धतीने पुन्हा बांधला. शाळेत अरबी शिकलेली लेक भरभर पाट्या वाचत होती : 'दुक्कान', 'साबून'. एकचाकी गाडा ढकलणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा हम्माल." आई बघतच राहिली. दुकान, साबण, हमाल! तीस वर्षं ज्या पाट्यांखालून ती मान खाली घालून गेली, त्यांवर तिच्या ओळखीचे शब्द होते. वाचून दाखवणारी घरातच होती, पण विचारलं कुणी?

करक चहा घेऊन निघताना आईने एका दुकानातून एक रिकामी लाकडी फ्रेम घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिने पलंगाखालची सूटकेस ओढली आणि तळातला एक कागद काढला. बक्षिसाचं चित्र. दुसरीत असताना वर्गाला 'माझे घर' हा विषय होता. वर्गातल्या बाकीच्यांनी नारळाची झाडं नि कौलारू घरं काढली होती. आमच्या बाईंनी काढली होती नजम्यातली पिवळट इमारत, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, खिडकीत एसी आणि खाली उभी आई, हातात थर्मास.

आईने हातोडी मागितली. बाबा दचकले. "अगं, चार महिन्यांनी घर सोडायचंय. मालक डिपॉझिट कापेल!"

"कापू दे," आई म्हणाली.

आवाज ऐकून शेजारच्या काकू विचारायला आल्या, की सामान निघालं का? म्हटलं, नाही हो, लावतोय. खिळा थोडा वाकडा गेलाय. पण चित्र सरळ आहे, हे दोघींनी लांबून, मान तिरकी करकरून बघितलंय.