वगळलेले आंकडे

घरखर्चाचा हिशेब लिहितांना वरचे पैसे सोडून द्यावयाचे आणि नुसत्या रुपयांवर भागवावयाचें, ही माझी जुनी खोड. सौभाग्यवतींना ती मुळींच पसंत नाहीं. परवां त्यांनीं पुन्हां हटकलें, तेव्हां मला एका यंत्राची गोष्ट आठवली आणि मी मुकाट्यानें बसलों.

तें यंत्र अमेरिकेंतलें. स्टॅन फ्रँकेल यांच्या आराखड्यावरून तयार झालेलें आणि १९५६ सालीं ‘एल.जी.पी.-३०’ या नांवानें बाजारांत आलेलें. त्या काळीं गणकयंत्र म्हटलें कीं दालन व्यापणारें धूड आणि लक्षावधि डॉलरांचा खर्च! हें मात्र लिहिण्याच्या मेजाएवढें, साध्या विजेवर चालणारें. किंमत ४७,००० डॉलर. लहानशी पेढी किंवा इंजिनिअरांची कचेरी ती कशीबशी पेलूं शके. आंकडे फिरत्या चुंबकी नळकांड्यावर सांठवावयाचे आणि एकेक अंक क्रमानें हाताळावयाचा, या काटकसरीमुळें अवघ्या ११३ निर्वात नळ्यांत त्याचें काम भागे. वेग अर्थातच मंद.

असें एक यंत्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञांच्या खोलींत होतें. बारा समीकरणांचें एक काल्पनिक हवामान ते त्यावर चालवीत. १९६१ सालीं एकदां जुनेंच गणित पुन्हां करून पाहावें म्हणून छापील कागदावरचे मधले आंकडे त्यांनीं यंत्रांत भरले आणि ते कॉफी घ्यावयास गेले. तासाभरानें येऊन पाहतात तों दोन महिन्यांनंतरचें नवें हवामान जुन्याशीं मुळींच जुळेना! प्रथम त्यांना एखाद्या नळीचाच संशय आला. पण दोष नळीचा नव्हता. यंत्राच्या पोटांत .५०६१२७ होतें; कागदावर .५०६ एवढेंच छापलें होतें. तो क्षुल्लक फरक सुमारें दर चार दिवसांनीं दुप्पट होत गेला आणि अखेर सारें आकाशच पालटलें.

महिनोन्‌महिने आधीं हवामान नेमकें वर्तविण्याची आशा या तीन अंकांनीं संपविली. कारण वारा कितीही काळजीनें मोजला तरी शेवटचे अंक मोजणाराच्या हातीं लागतच नाहींत. मला मात्र त्या यंत्राचेंच कौतुक अधिक वाटतें. मोठ्या यंत्रापुढें रांग असते, घटकाघटकेचा हिशेब असतो. केलेलें गणित पुन्हां करून पाहण्याची चैन घरच्यासारख्या त्या लहान यंत्रापाशींच परवडली असेल.

आतां मी पैसेही लिहितों. महिनाअखेरचा मेळ अजून बसत नाहीं. पण घरांतलें हवामान बरेंच निवळलें आहे.