एक गुंठा जमीन

ज्या वयात माणसाने जमिनीवरचा आपला हक्क हळूहळू सोडावयास शिकावे, त्या वयात, म्हणजे वयाच्या 75 व्या वर्षी, मी एका नव्या जमिनीचा ताबा घेतला, आणि तोही संगणकाच्या पडद्यावर, नातवाच्या शिफारशीने, ही वार्ता माझ्या खात्यातील जुन्या सहकाऱ्यांच्या कानी गेली तर ते पोट धरून हसतील. परंतु ज्याची सारी हयात मुळशी तालुक्यातील भातखाचरांतून साखळी ओढण्यात गेली, त्याला जमीन खरी की खोटी या प्रश्नापेक्षा ती मोजता येते की नाही हाच प्रश्न अधिक जवळचा वाटतो, एवढेच मी बचावादाखल नमूद करून ठेवतो.

वास्तविक जमिनीशी माझी पहिली ओळख मोजणीने झाली नाही. ती दिवाळीच्या किल्ल्याने झाली. पौडच्या पश्चिमेस आमचे घर, आणि घराच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगास हातभर रुंदीचा एक कोपरा, जो वर्षाचे अकरा महिने मोडक्या नांगराच्या आणि कोंबड्यांच्या वहिवाटीत असे आणि सहामाही परीक्षा संपताच निर्विवादपणे माझ्या मालकीचा होई. किल्ला दरसाल एकच, कोराईगड. कारण वडिलांनी मला दाखविलेला तो पहिला गड, ज्याच्या माथ्यावर दोन तळी आहेत आणि ज्याच्या तटावरून अद्यापि माणसाला चालत फेरी घालता येते. पहिल्या वर्षी मी ओढ्याकाठची वाळू आणली, कारण ती हाताशी होती आणि ओली असताना हवा तो आकार निमूटपणे घेत होती. कडा तयार झाला, बुरूज तयार झाला, मोहरी आणि अळीव पेरून झाले, कुंभाराकडचे महाराज सिंहासनासह माथ्यावर विराजमान झाले. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठून पाहतो तो कडा सुकून ढासळलेला आणि महाराज तळ्यात. वडील हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात घमेले दिले, खाचराच्या बांधावर नेले आणि चिकण माती कोणती व मुरूम कोणता हे बोटांनी चुरून पाहावयास लावले. दगडांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडविलेले पोते, आणि पोत्यावर मातीचा लेप, हा क्रम मी त्या दिवशी शिकलो.

पुढे नोकरी लागली ती भूकरमापकाची. त्या 35 वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे, कारण मोजणीदार काही बांधीत नाही. तो दुसऱ्याने बांधलेल्या बांधाची साक्ष काढतो. आमची परंपरा गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी 1830 च्या दशकात याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जमीनपाहणीची जी घडी बसविली तिच्यापासूनची. 33 फुटांची साखळी, साखळीचे 16 आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर, हे गणित माझ्या अंगी इतके मुरले की आजही कोणाच्या लग्नाच्या मांडवात शिरलो तर मनातल्या मनात त्याचे आणे निघू लागतात. हिंजवडी आमच्याच तालुक्यात. आज जेथे काचेच्या इमारती आहेत, त्या रानात मी प्लेन टेबल मांडून बसलो आहे, आणि रात्रीतून सरकलेल्या हद्दीच्या दगडांवरून सख्ख्या भावांची भांडणे ऐकली आहेत. माझा मुलगा आता तेथेच एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर काम करतो; त्या मजल्याचा सर्व्हे नंबर कोणता, हे तो मला विचारीत नाही.

2020 च्या टाळेबंदीत नातू गावी येऊन अडकला. दहा वर्षांचा मुलगा दिवसभर पडद्यात तोंड खुपसून काय करतो, हे पाहावयास मी त्याच्या मागे उभा राहिलो, तर तो माती खणत होता. माइनक्राफ्ट या खेळाचे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. स्वीडनमधील मार्कस पर्सन नावाच्या गृहस्थाने 2009 साली तो लोकांपुढे ठेवला, 2011 मध्ये तो पूर्णावस्थेस आला, आणि 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो करणारी कंपनीच अडीचशे कोटी डॉलरांना विकत घेतली, हा तपशील नातवाने पाढे म्हणावे तसा म्हणून दाखविला. मला मात्र निराळ्याच गोष्टीने पकडले. त्या सृष्टीतील प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. म्हणजे दहा ठोकळे लांब आणि दहा ठोकळे रुंद तुकडा हा जवळजवळ बरोबर एक गुंठा! जगाची एक बाजू सहा कोटी ठोकळ्यांची आहे, असे तो म्हणाला, तेव्हा मी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. क्षेत्र निघाले आपल्या पृथ्वीच्या सातपट. आणि एवढ्या जमिनीवर एकाही खातेदाराचे नाव नाही, कूळ नाही, इतर हक्कांचा रकाना नाही, भाऊबंदकी नाही. मोजणीदाराच्या स्वप्नातही असा महसुली विभाग येणार नाही.

तरी पण माझे त्या सृष्टीशी जमले नाही. बुंधा कापला तरी झाडाचा वरचा भार अधांतरी तरंगत राही. डोंगर पोखरला तरी माथा हलत नसे. वाळू तेवढी खाली पडे, तीही सरळ रेषेत. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला तेथे बसाल्ट असेच नाव आहे, तो पाताळात ठेवलेला, याचा मला किंचित रागही आला. एके दुपारी नातवाने दरीच्या मुखाशी भिंत घातली आणि वरून बादलीभर पाणी सोडले. त्या सृष्टीत सपाटीवर पाणी सात ठोकळे पसरते आणि थांबते. बारीकशी धार भिंतीच्या पायाशी येऊन उभी राहिली. तलाव काही भरेना. भरावयाचा तर एकेक ठोकळा हाताने ओतावा लागतो.

“आबा, आपलं मुळशीचं धरण कसं भरलं?” त्याने विचारले.

मी त्याला सांगितले की ते पावसाने भरले, आणि भरण्यापूर्वी दरीत पन्नासावर गावांची माणसे होती. 1921 च्या रामनवमीस त्यांनी सत्याग्रह आरंभिला, तीन वर्षे लढा चालला, त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती केले, आणि तरीही पाणी चढले. मुळा नदी पूर्ववाहिनी असूनही धरणातील पाणी पश्चिमेकडे घाट उतरून कोकणात भिऱ्याला जाते आणि तेथे वीज होते, हेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने भिंत पाडली. मी काही पाडावयास सांगितले नव्हते.

गेल्या मे महिन्यात तो पुन्हा आला तेव्हा आता जाड झालेल्या आवाजात म्हणाला, “आबा, तुमच्यासारख्यांसाठी एक मॉड आहे. त्यात माती पडते.” मॉड म्हणजे मूळ सृष्टीत परक्या कोणी हौसेने केलेला फेरफार, आणि टेराफर्माक्राफ्ट हा फेरफार असा की त्याने मूळ खेळातील सवलती बहुतेक रद्द करून टाकल्या आहेत. तो संगणकात बसविणे हेच एक प्रकरण झाले. प्रथम खेळाची नेमकी आवृत्ती हवी, कारण एका आवृत्तीसाठी केलेला मॉड दुसरीत चालत नाही; मग फोर्ज नावाचा मधला कारभारी हवा, ज्याच्या हुकुमाशिवाय हा मॉड दाखल होत नाही. एवढे करूनही पहिल्या वेळी पडद्यावर नकार आला: सोबतचे एक जोडपत्र नाही. ते जोडपत्र म्हणजे खेळातील मार्गदर्शक पुस्तिका चालविणारा पचौली नावाचा लहानसा मॉड. अत्तराच्या झाडाचे नाव! नातू वैतागला, मी मात्र सुखावलो. अर्ज कोणत्या कागदावाचून परत आला हे पहिल्याच फेरीत, तेही लेखी, कळावे, असा अनुभव मला टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून क्वचितच आला होता.

आणि मग मी त्या जमिनीवर उतरलो. मूळ खेळात आरंभी झाडावर मुठी मारल्या की लाकूड मिळते; येथे कितीही मारा, झाड ढिम्म. खाली वाकून सुटे दगड आणि काटक्या वेचाव्या लागतात. दोन दगड हाती घेतले की पंचवीस घरांचा एक पट समोर येतो, आणि नको ती घरे टिचून टाकीत पात्याचा आकार काढावा लागतो. माझी पहिली कुऱ्हाड काळ्या पाषाणाची झाली. पाताळातून तो आता पायाखाली आला होता. दगडी सुरीने गवत कापावे, ओढ्याकाठी चिकण माती शोधावी, भांडे घडवावे, एक ठोकळा खोल खड्ड्यात ते ठेवून वर आठ पेंढ्या गवत आणि आठ ओंडके रचावे आणि जाळ लावावा: हा तर कुंभाराचा आवा! कोळसा पाडण्यासाठी लाकडांची रास पेटवून ती चोहोंकडून बुजवून टाकावी लागते, तेव्हा मला आमच्या डोंगरावरील कातकऱ्यांच्या भट्ट्यांचा तो गोडसर, डोळे चुरचुरविणारा धूर प्रत्यक्ष आठवला. लोखंड फार दूर. त्याआधी तांबे, आणि तांब्याचेही कण रानातून एकेक वेचून, मातीच्या भांड्यात वितळवून, मातीच्याच साच्यात ओतावयाचे. इतका त्रास आपणहून अंगावर घेणारी तरुण मंडळी जगभर आहेत, ही गोष्ट मला मोठी आश्वासक वाटते. आयते मिळत असताना ते नाकारून कुंभाराच्या दारी जाणारा मुलगा वाया गेला आहे असे मी तरी म्हणणार नाही, मग त्याची आई काहीही म्हणो.

तिसऱ्या रात्री मी डोंगराच्या उतारात आसऱ्यापुरती गुहा खणू लागलो. नातू शेजारी बसून पाहत होता. चार ठोकळे आत गेलो, आणि वरची माती घसरून अंगावर आली. पडदा काळवंडला, मी गाडला गेलो, कुऱ्हाड, सुरी, भांडी सारे विखुरले. नातू हसला नाही. “आबा, आधी वरची माती काढायची,” एवढेच म्हणाला, आणि संगणकाच्या उंदराची सूत्रे त्याने पुन्हा माझ्या हाती दिली. सत्तर वर्षांपूर्वीचे घमेले मला त्या हातात दिसले, हे त्याला सांगण्याचा मोह मी आवरला.

तेव्हापासून त्या जगात मी एक गुंठा आखून घेतला आहे. चारी कोपऱ्यांना हद्दीचे दगड आहेत आणि ते रात्रीतून सरकत नाहीत. गुंठ्याच्या मध्यावर कोराईगड व्हावयाचा आहे. दगडी पाया झाला, तट दोन ठोकळे उंचीपर्यंत आला, दोन्ही तळ्यांचे खड्डे खणून झाले. पुढील कामासाठी तांब्याची कुदळ हवी, आणि तिच्यापुरते तांबे अजून जमलेले नाही.